रुई : माळावरच्या एका फुलाचा अभ्यास

विद्यालयाच्या स्मरणिकेत इमारतींचा, निकालांचा आणि देणगीदारांचा उल्लेख असतो. तो असायलाही हवा. या लेखात आम्ही मात्र आपल्या परिसरातील अशा एका रहिवाशाविषयी लिहीत आहोत, ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही. पश्चिमेच्या कुंपणापाशी, जेथे माती वाहून जाऊन मुरूम उघडा पडला आहे, तेथे रुईची झुडपे उभी आहेत. ती कोणी लावली नव्हती. विद्यालयाचा पाया घातला गेला त्याच्याही आधीपासून ती या माळावर होती. माजी विद्यार्थ्यांना ती आठवत असेल ती बहुधा तिच्या बियांमुळे. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेच्या खिडकीतून एखादी पांढरी 'म्हातारी' तरंगत आत यावी आणि क्षणभर साऱ्या वर्गाचे लक्ष पुस्तकावरून उडावे, हा अनुभव येथे राहिलेल्या प्रत्येक पिढीचा आहे.

याच रुईविषयी पालकसभेत एक प्रश्न वारंवार विचारला जातो : लहान मुले राहतात त्या ठिकाणी हे विषारी झाड कशासाठी ठेवले आहे? प्रश्न रास्त आहे. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे तो अधिकच रास्त ठरला. त्या चुकीची हकिकत पुढे येईल. प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. त्यासाठी रुईची नीट ओळख करून घ्यावी लागेल. म्हणून हा लेख.

ओळख

रुई ही आपल्या भूमीतील मूळची, अनेक वर्षे जगणारी वनस्पती आहे. आपल्याकडे तिच्या दोन जाती आढळतात. पहिली मोठी रुई. शास्त्रीय नाव कॅलोट्रॉपिस जायगँटिया. हिच्या पाकळ्या पसरट असून रंग फिकट जांभळा किंवा पांढरा असतो. पांढऱ्या फुलांच्या झुडपाला लोक मांदार म्हणतात. दुसरी जात कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. हिची फुले आकाराने लहान व पेल्यासारखी असतात आणि पाकळ्यांची टोके गडद जांभळी असतात. संस्कृतात रुईला अर्क म्हणतात. हे सूर्याचेही नाव आहे, आणि भर उन्हात हिरव्या राहणाऱ्या या झुडपाला ते शोभते.

तिच्या तगून राहण्यामागे चमत्कार नाही, रचना आहे. तिचे सोटमूळ मुरमाच्या भेगांतून खोल उतरते आणि वरचा थर कोरडा पडला तरी खालची ओल गाठते. जाड पानांवर मेणासारखा पांढुरका थर असतो, त्यामुळे पानांतील पाणी सहजासहजी उडून जात नाही. पान तोडताच पांढरा चीक वाहू लागतो. या चिकामुळे गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. कुंपण नाही, पाणी नाही, खत नाही, अशा जागी ती उभी राहते ती या तीन गोष्टींच्या बळावर.

एखादी वनस्पती देशी असणे म्हणजे काय, हेही रुईवरून समजावून सांगता येते. यांपैकी प्रोसेरा ही जात ऑस्ट्रेलियात नेली गेली आणि तेथील कुरणांत ती त्रासदायक तण होऊन बसली. आपल्याकडे मात्र तिची पाने खाणारे किडे आहेत, तिच्या फुलांवर येणारे भुंगे आहेत आणि तिच्याशी जुळवून घेतलेली फुलपाखरेही आहेत. म्हणून येथे ती शेजाऱ्यांना सांभाळून राहते. याउलट परदेशातून आलेले गाजरगवत आणि घाणेरी आपल्या माळांवर कशी पसरली, हे प्रत्येक शेतकरी पालक जाणतोच. वनस्पती मुळात चांगली किंवा वाईट नसते. ती कोणाच्या शेजारी वाढते यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

फुलाची रचना

बहुतेक फुलांत पराग पिठासारखा मोकळा असतो. वारा आला किंवा मधमाशी बसली की तो उधळतो, अंगाला चिकटतो. रुईच्या फुलात असे घडत नाही. तिचे परागकण मेणचट गाठोड्यांत घट्ट बांधलेले असतात. या गाठोड्यांना परागपुंज म्हणतात. फुलाच्या मध्यभागी मुकुटासारख्या पाच उभारांच्या आत पंचकोनी माथ्याचा एक खांब दिसतो. पुंकेसर आणि स्त्रीकेसराचा माथा एकत्र जुळून तो तयार झालेला असतो. त्या खांबाच्या कडांवर पाच अरुंद फटी असतात. प्रत्येक फटीच्या वरच्या टोकाला एक अगदी लहान, गडद रंगाचा चिमटा असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी एकेक परागपुंज लटकलेला असतो.

मोठा काळा भुंगा मध पिण्यासाठी फुलावर उतरतो, तेव्हा धडपडताना त्याचा एखादा अवयव या फटीत सरकतो. तो ओढून काढताना चिमटा अवयवाला पकडतो आणि दोन्ही परागपुंज बाहेर निघतात. भुंगा दुसऱ्या फुलावर गेला आणि तेथील फटीत हा पुंज अडकून राहिला, तरच परागीकरण होते. ही कुलूप-किल्लीसारखी व्यवस्था आहे, आणि किल्ली फिरवण्यासाठी अंगात बळ असावे लागते. हलक्या कीटकाचे ते काम नव्हे. म्हणूनच फुलांनी लगडलेल्या झुडपावर फळे मात्र मोजकीच दिसतात.

आठवीच्या वर्गाला आम्ही हे प्रत्यक्ष दाखवतो. शिक्षक हातमोजे घालून ताजे फूल खुडतात, देठाचा चीक पुसून घेतात आणि भिंगाखाली धरतात. बारीक सुईचे टोक फटीतून खालून वर हलकेच सरकवले की चिमटा सुईवर बसतो आणि दोन पिवळसर पुंज अलगद बाहेर येतात. पाठ्यपुस्तकातील आकृती विद्यार्थी विसरतो. सुईच्या टोकावर लटकलेले ते दोन पुंज तो विसरत नाही.

रुईचे पाहुणे

रुईवर येणारा मुख्य पाहुणा हा काळा भुंगा. शास्त्रीय नाव झायलोकोपा. घराच्या वाशाला तो भोक पाडतो म्हणून लोक त्याच्यावर नाराज असतात. त्याची मादी वाळलेल्या लाकडात किंवा पोकळ बांबूत घर करते. पराग आणि मध यांचा गोळा करून त्यावर एक अंडे घालते, लाकडाच्या भुशाची भिंत उभारून ती खोली बंद करते आणि मग दुसरी खोली बांधायला घेते. पोळ्यातील मधमाश्यांसारखे भुंगे थव्याने अंगावर येत नाहीत. नराला नांगीच नसते. मादी मुठीत धरली तरच डंख मारते.

हा भुंगा शेतकऱ्याच्या कामाचा आहे. वांग्याच्या फुलातील पुंकेसर नळीसारखे असतात आणि पराग त्यांच्या टोकाच्या भोकांतून बाहेर पडतो. तो मोकळा व्हायचा तर फूल हलले पाहिजे. भुंगा फूल पायांनी धरून छातीचे स्नायू वेगाने थरथरवतो. त्या कंपनाने पराग झडतो. पोळ्यातील मधमाशीला हे कौशल्य अवगत नाही. वांग्याच्या फुलाला फळ धरायला आपलाच पराग पुरतो हे खरे; पण भुंग्याच्या कंपनाने तो भरपूर झडतो आणि फळधारणेला मदत होते. तुरीच्या फुलांवरही हे भुंगे फिरताना दिसतात.

अडचण येते ती तूर निघाल्यानंतर. शेते रिकामी होतात, बांधावरचे गवत वाळते, आणि मध कोठे मिळेल हा प्रश्न भुंग्यापुढे उभा राहतो. रुई जवळजवळ वर्षभर फुलते, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिला विशेष बहर असतो. नेमक्या टंचाईच्या महिन्यांत ती मध पुरवते. मात्र ती एकटी पुरेशी नाही. तिचा पराग गाठोड्यांत बांधलेला असल्याने भुंग्याच्या पिलांना त्याचा उपयोग होत नाही. परागासाठी दुसरी फुले लागतात. म्हणून रुईच्या ओळीत आम्ही तरवडही लावला आहे. तोही इथलाच, तोही माळावरचा, आणि त्याच्या पिवळ्या फुलांतील पराग वांग्याप्रमाणेच कंपनाने झडतो. एकाने मध द्यावा, दुसऱ्याने पराग, असा हा शेजार आहे.

दुसरा पाहुणा नारिंगी रंगाचे फुलपाखरू. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. मराठीत बिबळ्या कडवा असे नाव रूढ होत आहे. मादी रुईच्या पानावर, बहुधा खालच्या बाजूस, एकेक अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. तिच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे व पिवळे ठिपके असतात आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. खाण्यापूर्वी ती पानाची शीर कुरतडते, म्हणजे पुढच्या भागातील चीक वाहून कमी होतो. तरीही काही विष तिच्या पोटात जातेच. ते ती आपल्या शरीरात साठवते, आणि फुलपाखरू झाल्यावरही ते तिच्यात राहते. असे फुलपाखरू खाल्लेला पक्षी ओकतो आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. सुमारे दोन आठवडे अळी, मग आठ-दहा दिवस कोष, असा उबदार हवेतील तिचा क्रम आहे. एका सहामाहीत विद्यार्थी हे पूर्ण चक्र एकाहून अधिक वेळा पाहू शकतात.

याखेरीज पिवळा मावा, तो खाणारे ढालकिडे, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा रंगीत टोळ असे अनेक जण रुईवर राहतात. मावा दिसला की फवारणी करण्याचा मोह होतो. रुईवर ती कधीही करू नये. फवारणीने मावा मरेल, पण त्याच्याबरोबर ढालकिडे आणि अळ्याही मरतील.

लागवड

रुई लावणे सोपे आहे. किंबहुना ती लावायची असते हेच लोकांना नवल वाटते. फळ पिकून नुकतेच तडकू लागले की ते काढावे. आतील तपकिरी बिया रेशमी तंतूंपासून सोडवून घ्याव्यात. बी ताजे असेल तर उत्तम. पावसाळ्यापूर्वी वाळू व माती समप्रमाणात मिसळून पिशव्यांत पेरावे, बी जेमतेम झाकले जाईल इतकीच माती वर टाकावी. उबदार हवेत साधारणपणे एक-दोन आठवड्यांत अंकुर येतात. सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून चार-सहा पाने येताच रोप कायमच्या जागी हलवावे. उशीर केला तर मूळ दुखावते.

फांदीपासूनही रुई होते. पेन्सिलीहून जाड, वीतभर लांबीची जून फांदी घ्यावी. कापलेल्या टोकाचा चीक सुकू द्यावा; एक-दोन दिवस सावलीत ठेवून मग लावावी. दोन झुडपांत पाच-सहा फूट अंतर असावे. जागा उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. रुईचा खरा शत्रू दुष्काळ नाही, साचलेले पाणी आहे. पहिल्या पावसाळ्यात रोप मुळावले की त्यानंतर पाणी देण्याची गरज उरत नाही. खत देऊच नये. फुले बहुधा दुसऱ्या वर्षी येतात.

छाटणी करावयाची तर सगळी झुडपे एकाच वेळी छाटू नयेत. एका वर्षी निम्मी, दुसऱ्या वर्षी उरलेली, असे केले म्हणजे अळ्यांना पाने आणि भुंग्यांना फुले कायम मिळतात. छाटणीपूर्वी पानांखाली अंडी व कोष आहेत का, हे पाहून घ्यावे. जवळच वाळक्या लाकडाचा एखादा ओंडका किंवा पोकळ बांबूंची मोळी पावसापासून आडोशाला ठेवावी. भुंग्याला घर मिळाले की तो आपल्या वाशाकडे सहसा वळत नाही.

चीक आणि आमची चूक

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. रुईचा चीक विषारी आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. त्यातील द्रव्ये पोटात गेल्यास हृदयाच्या कार्यावर परिणाम करतात. कातडीवर चीक पडल्यास काहींना पुरळ येते. सर्वांत मोठा धोका डोळ्याला आहे. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला सूज येते आणि दृष्टी धूसर होते. विशेष घातक गोष्ट अशी की पुष्कळदा त्या वेळी फारसे दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस गाफील राहतो.

काही वर्षांपूर्वी नेमके हेच घडले. तेव्हा रुईची काही झुडपे खेळाच्या मैदानाच्या कडेला होती. सातवीतील एका मुलाने खेळताना फांदी मोडली आणि तोच हात डोळ्याला लावला. थोडी चुरचुर झाली, ती थांबली. रागावतील या भीतीने त्याने कोणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावरची अक्षरे दिसेनात, तेव्हा गोष्ट उघड झाली. नेत्रतज्ज्ञांकडे उपचार झाले आणि काही दिवसांनी त्याची दृष्टी पूर्ववत झाली. चूक त्या मुलाची नव्हती. धोक्याची वस्तू आम्ही खेळाच्या जागेजवळ राहू दिली होती, तिच्याविषयी मुलांना शिकवले नव्हते, आणि मुलाला दुखापत सांगण्याची भीती वाटावी असे वातावरण आमच्याकडे होते. या तिन्ही गोष्टींची जबाबदारी आमची होती.

त्यानंतरच्या बैठकीत सगळी रुई उपटून टाकावी असे मत पुढे आले, आणि आमच्यापैकी काहींना ते पटलेही होते. त्या वेळी एका मातेने जे सांगितले ते येथे नोंदवणे योग्य वाटते. त्या म्हणाल्या, "गायरानात आम्ही रान फोडलं तेव्हा आधी रुईच खणली. पण बांधावरची ठेवली. शेळ्या राखायला पोरं तिथंच जातात. उपटून किती ठिकाणची उपटणार? पोरांना सांगा, कशी धरायची नि कशी नाही." या वाक्यांमागे एक इतिहास आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गायरान व पडीक जमीन कसणाऱ्यांना मिळावी, ही त्या लढ्याची मागणी होती. आपल्या अनेक पालकांच्या घरांत त्या लढ्याची आठवण अजून जिवंत आहे. जी जमीन कोणालाही नको होती ती आपल्या माणसांनी कसली, आणि त्या जमिनीवर आधीपासून रुई होती. आपली मुले सुट्टीत घरी जातात ती त्याच बांधांवर. विद्यालयातून रुई नाहीशी करून मुले सुरक्षित होणार नव्हती. ती फक्त अनभिज्ञ राहिली असती.

म्हणून आम्ही मैदानालगतची झुडपे काढली आणि भाजीच्या वाफ्यांपलीकडे, पश्चिम कुंपणाला लागून स्वतंत्र ओळ वाढवली. आज पाळले जाणारे नियम असे आहेत : पाचवीपर्यंतच्या मुलांना शिक्षकांशिवाय त्या ओळीपाशी प्रवेश नाही. पान, फूल, फांदी कोणीही तोडावयाची नाही. निरीक्षण केवळ डोळ्यांनी व भिंगाने. छाटणी मोठी माणसेच करतात, तीही हातमोजे व चष्मा घालून. चीक लागलेला हात साबणाने धुतल्याशिवाय चेहऱ्याकडे न्यावयाचा नाही. डोळ्यात गेलाच तर तत्काळ स्वच्छ वाहत्या पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा, चोळू नये, आणि दुखत नसले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. शेवटचा नियम गृहपालांसाठी आहे : दुखापत सांगायला आलेल्या मुलाला आधी उपचार, आणि रागावणे मुळीच नाही.

काटा मोडला तर चीक लावावा, सुजलेल्या सांध्यावर पान गरम करून बांधावे, असे उपाय आपल्या घरांत चालत आले आहेत. मुलांनी ते स्वतः करू नयेत, आणि रुईचा कोणताही भाग औषध म्हणून पोटात घेऊ नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

पाहण्याची दृष्टी

रुईभोवती समजुतींचे जाळेही दाट आहे. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ घालतात. रथसप्तमीला तिची पाने डोक्यावर ठेवून स्नान करतात. तिसरा विवाह अशुभ मानून त्याआधी पुरुषाचे लग्न रुईशी लावण्याची रूढीही होती. आम्हाला कोणाचा उपहास करावयाचा नाही. परंतु जे पूजतात आणि जे विष म्हणून तोडतात, त्या दोघांपैकी क्वचितच कोणी तिच्या फुलाकडे दोन मिनिटे निरखून पाहिलेले असते.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना दिलेला उपदेश आपल्या विद्यालयात दरवर्षी अभ्यासला जातो. केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे, हा त्याचा आशय. धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले आहे, म्हणजे या आणि पाहा असे आवाहन करणारा. विज्ञानाच्या तासाला भिंग घेऊन रुईपाशी उभा राहिलेला विद्यार्थी हाच पाठ गिरवत असतो. भिक्षूने गावात कसे वावरावे हे सांगण्यासाठी धम्मपदाच्या पुप्फवग्गात फुलावरील भुंग्याचीच उपमा योजली आहे. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळणे म्हणजे वाशातील भुंग्याला आणि पानावरच्या अळीलाही जगण्यास जागा ठेवणे, असे आम्ही मानतो. मात्र ही करुणा डोळस हवी. धोका झाकून ठेवणारी करुणा मुलांच्या उपयोगाची नाही, हे आम्ही किंमत देऊन शिकलो.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेक जण आता शहरांत राहतात, काही गावाकडे शेती करतात. आपल्या बांधावर, वस्तीमागच्या मोकळ्या जागेवर रुई असेल तर 'स्वच्छता' म्हणून ती सरसकट काढू नका. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ती दूर असावी, वाटेवर येणारी फांदी जपून छाटावी, आणि उरलेली राहू द्यावी. शेजारी एखादा तरवड लावावा. मुलांना तेथे नेऊन भुंगा दाखवावा, अळी दाखवावी आणि चीकही दाखवावा. काय पाहायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे एकाच वेळी सांगावे.

विद्यालयात आपले येणे झाले तर पश्चिमेच्या कुंपणापर्यंत जरूर यावे. फळे तडकली असतील तर बियांची पुडी आम्ही आनंदाने देऊ.